रांगोळीतले घर

दिवाळीच्या सुटीत आमचा नातू घरी आला तो एक जाडजूड वही बगलेत मारूनच. तो पुण्यास वस्तूंच्या रचनेचे शिक्षण घेतो. नित्य वापरातील वस्तू अधिक सोयीच्या कशा कराव्यात, हा त्या शिक्षणाचा विषय. या खेपेस त्याला विळी नव्याने घडवावयाची होती. वहीत सतरा विळ्या काढलेल्या होत्या. त्यांतील सर्वांत देखणी त्याने पुठ्ठ्याची करून आणली होती. आम्ही तिची तोंड भरून स्तुती केली. सौभाग्यवतींनी चष्मा लावून ती उलटसुलट पाहिली आणि एवढेच विचारले, "बाळा, हिच्यावर पाय कुठे टेकायचा?"

डौल साधावा म्हणून त्याने पाट अरुंद केला होता. पाटावर भार पडला नाही, तर नारळ खवताना विळी कलंडते, ही गोष्ट आजोबा-नातवापैकी एकाच्याही ध्यानात आली नव्हती. मग तो तीन सकाळी आजीपाशी भाजी चिरावयास बसला. तिचा गुडघा कोठे येतो, हात कोठून वळतो, चिरलेले कोठे पडते, हे सारे त्याने वहीत टिपून घेतले. अठरावी विळी दिसावयास साधी आहे. परंतु ती जागची हलत नाही.

पाठशाळेत आम्ही तर्कसंग्रह घोकला होता. अन्नंभट्टांनी त्यात कार्याची तीन कारणे सांगितली आहेत : वस्त्राचे सूत हे समवायी कारण, सुतांचा परस्परसंयोग हे असमवायी आणि माग, धोटा इत्यादी साधने हे निमित्त. वस्त्र नेसणार कोण, हा प्रश्न त्या यादीत नाही. हा काही शास्त्रकारांचा दोष नव्हे. वस्त्र कसे उत्पन्न होते, एवढेच त्यांना सांगावयाचे होते. परंतु वस्तू घडविणाराने हा चौथा प्रश्न सोडून चालत नाही, आणि तो विचारावयाचा तोही रेघ पुसता येते तोवरच.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकावयास गेले; परंतु डोळ्यांना रंगांतील भेद नीट कळेना, म्हणून कुंचला सोडून ते यंत्रांच्या आकृत्या काढण्याकडे वळले, आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत तोच विषय शिकवू लागले. रेघेवर एवढी हुकमत असलेल्या या गृहस्थांनी 1903 साली बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा तो घेण्यास गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. आकृती बरोबर, ओतकाम बरोबर. परंतु नांगर धरणाऱ्याच्या मनातील शंका कागदावर कोठेच उमटलेली नव्हती. ती फिटावयास वर्षे गेली. तरी नांगराचे एक बरे असते. तो पसंत पडला नाही तर अंगणात पडून राहील. कोणाचा जीव घेणार नाही. घराचे तसे नाही.

हे आम्हा उमरगेकरांस पुस्तकातून शिकावे लागले नाही. 30 सप्टेंबर 1993 रोजी, गणेशविसर्जनानंतरच्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास धरणी हादरली. किल्लारी आणि तेव्हा आमच्याच तालुक्यात असलेले सास्तूर यांसह कित्येक गावे झोपेतच ढिगाऱ्याखाली गेली. सुमारे आठ हजार माणसे मेली. त्यांना मारले ते त्यांच्याच घरांनी. मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती आणि वर माळवदाचा मातीचा जड थर. हे घर मूर्खपणाने बांधलेले नव्हते. आमच्या भागातील उन्हाळ्यास ते चोख उत्तर होते. भूकंपाचा प्रश्न त्याला कोणी विचारलाच नव्हता.

पुढे 52 गावे नव्या जागी वसविण्यात आली. जमिनीच्या मानाने कोणास 250, कोणास 400, कोणास 750 चौरस फुटांचे घर मिळाले. ही घरे भूकंपास तोंड देतील अशा बेताने आखलेली होती, आणि ते उपकार लहान नव्हेत. परंतु सरळ रस्ते आणि ओळीने सारखी घरे आखणाऱ्या रेघेने गुरे कोठे बांधावीत, कडबा कोठे रचावा, तीन भावांनी एका अंगणात कसे नांदावे, हे विचारले नव्हते. मग लोकांनी पत्र्याची शेड उभारून आणि आडोसे घालून आपापली उत्तरे आपणच लिहिली. जुन्या घरांच्या दुरुस्तीचे काम निघाले, तेव्हा मात्र शासनाने गावोगावच्या महिला मंडळांना मध्ये घेतले. माळवदावरची माती कमी करणे, भिंतीत दोन्ही अंगांस पोहोचणारे आरपार दगड बसविणे, वरून काँक्रीटचा पट्टा फिरविणे, या गोष्टी कित्येक घरांत गवंड्याइतक्याच गृहिणींनाही उमजल्या.

आता स्वतःची चूक सांगतो. आमच्या वाड्याची मागची बाजू त्या पहाटे तडकली होती. पुढील वर्षी ती नव्याने बांधण्याचे ठरले. एका परिचित ओव्हरसियरने नकाशा काढून दिला. आम्ही मास्तर, नकाशा आपल्याला कळतो, या घमेंडीत घरात कोणास न दाखविता त्यावर सही केली. मातोश्रींस लिहिता-वाचता येत नव्हते. त्या म्हणाल्या, "अरे, मला कागद काय कळतो? अंगणात काढून दाखव." तेव्हा त्यांच्या समाधानासाठी पुढच्या अंगणात दोरी धरून रांगोळीने ते घर आम्ही खऱ्या मापाचे आखले.

मातोश्री कमरेवर रिकामी घागर घेऊन त्या घरातून हिंडल्या. चुलीशी बसून पाहिले, देवघराशी वळून पाहिले. मग निजावयाच्या खोलीत, अगदी आतल्या कोपऱ्यात, जिथे त्यांचे व नातवंडांचे अंथरूण पडावयाचे होते, तिथे त्या रांगोळीतच आडव्या झाल्या. थोड्या वेळाने पडल्या पडल्याच म्हणाल्या, "आणि रात्री हललं, तर पळायचं कुठून?"

आम्ही मुकाट्याने रांगोळीकडे पाहत राहिलो. त्या खोलीस दार एकच होते, आणि तेही स्वयंपाकघरात उघडत होते. ज्या पहाटे आम्ही सारे वाचलो, ते अंगणात उघडणाऱ्या दारामुळे, हे आम्ही वर्षाच्या आतच विसरलो होतो. त्या विसरल्या नव्हत्या. आम्ही पायाने रेघ पुसली आणि अंगणाकडे दुसरे दार काढले. ओव्हरसियरनेही बिचाऱ्याने वाद न घालता नकाशा बदलून दिला. मातोश्री आज नाहीत. ते दार आहे, आणि रात्री त्याला कुलूप घालावयाचे नाही, हा आमच्या घराचा नेम आहे.

वाचकांपैकी कोणी घर बांधीत असतील, कोणी नवे स्वयंपाकघर करीत असतील. नकाशावर सही करण्यापूर्वी दोन मुठी रांगोळी अवश्य खर्च करावी, आणि घरातील सर्वांत वृद्ध व सर्वांत लहान माणसास त्या रेघांतून एकदा चालवावे. नातू परवा पुण्यास परतला. या खेपेस वहीचे पहिले पान त्याने कोरे ठेवले आहे. आधी आजीला विचारून यायचे, मग रेघ ओढायची, असे म्हणतो.