नाक, कान, डोळे आणि सामान्यरूप

बालगीतांकडे गंभीरपणे पाहण्याची सवय आपल्या विद्यापीठीय समीक्षेला फारशी नाही. त्यातही दोन-तीन वर्षांच्या मुलांना अवयवांची ओळख व्हावी म्हणून हातवारे करीत म्हणायची गाणी म्हणजे तर निव्वळ शिशुवर्गातला उद्योग. वाङ्मयेतिहासात त्यांना जागा नाही, भाषाविज्ञानाच्या तासालाही नाही. माझ्या मते यात नुकसान दोन्हीकडचे आहे.

या गाण्यांमागे विचाराची परंपरा आहे. फ्रेडरिक फ्रबेलने १८४४ मध्ये आईने बाळासोबत म्हणायच्या, हाताबोटांच्या खेळांना जोडलेल्या गाण्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम उभे केले. पुढे ते कोसबाडला गेले आणि अनुताई वाघांनी ते चालवले. शाळेच्याही आधी, तेल लावताना आणि न्हाऊ घालताना बाळाचा एकेक अवयव हाती घेऊन त्याच्याशी बोलणे मराठी घरांत चालतच आले आहे. ‘नाक कुठंय?’ या प्रश्नाला बाळ बोटाने उत्तर देते. शब्द उच्चारता येण्याआधी तो कळलेला असतो, आणि कळल्याचा पुरावा शरीरच देते.

आजच्या शिशुवर्गांत मात्र डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत उतरत जाणारे एक इंग्रजी गाणे सर्वत्र ऐकू येते, किंवा त्याचा शब्दशः मराठी अनुवाद. हा अनुवाद अडखळतो. इंग्रजीत हाताचे बोट आणि पायाचे बोट यांना स्वतंत्र शब्द आहेत, आणि पायाच्या बोटाचा तर एकाक्षरी. मराठीत दोन्हीकडे ‘बोट’च, त्यामुळे ‘पायाची बोटे’ म्हणेपर्यंत चाल पुढे निघून जाते. ‘हात’ खांद्यापासून बोटांपर्यंत आणि ‘पाय’ कमरेपासून तळव्यापर्यंत. ही मराठीची उणीव नव्हे. दंड, मनगट, तळहात, करंगळी, मांडी, पोटरी, घोटा, टाच असे नेमके शब्द तिच्यापाशी आहेत. शरीराची वाटणी प्रत्येक भाषा आपल्या रीतीने करते. अनुवादित गाणे दुसऱ्या भाषेची वाटणी मुलाच्या अंगावर आखते आणि घोटा, पोटरी, मनगट हे शब्द गाण्याबाहेर राहतात.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा व्याकरणाचा. डोळा पुल्लिंगी, जीभ स्त्रीलिंगी, नाक नपुंसकलिंगी. डोळ्याला, जिभेला, नाकाला. गुडघ्यावर, मानेवर, पोटावर. तिन्ही लिंगे, अनेकवचने आणि सामान्यरूपाचे मुख्य प्रकार मुलाला स्वतःच्या अंगावरच भेटतात. ‘नोज दाखव’, ‘आईजला हात लावू नको’ असे मराठी आईबाप बोलतात, तेव्हा केवळ दोन नामे बदलत नाहीत. ‘डोळा’चे ‘डोळ्या’ होण्याची क्रियाच त्या वाक्यातून नाहीशी होते. शिवाय डोळेझाक, हातभार, कानउघाडणी, पाठराखण, तोंडपाठ हे शब्द पुढे ज्या मुळांवर उभे राहणार, ती मुळेही घरच्या बोलण्यात विरळ होतात. वर्गात ‘कानउघाडणी’चा अर्थ समजावून सांगावा लागतो, अशी तक्रार करणाऱ्या प्राध्यापकांनी हा धागा मागे नेऊन पाहावा.

यावर आक्षेप येईल की मूल दोन्ही भाषा सहज शिकते. मग इंग्रजी गाण्याचा बाऊ कशाला? मूल शिकते हे खरेच, आणि इंग्रजी गाणे म्हणू नये असे माझे म्हणणेही नाही. परंतु दोन्ही शिकायला दोन्ही कानांवर पडावी लागतात. घरात अवयवांची नावे इंग्रजीत आणि शाळेतही इंग्रजीतच असतील, तर मराठी नावे मुलाने शिकायची कुठे?

म्हणून मागणी साधी आहे. अशा गाण्यांची समीक्षा व्हावी, आणि नव्या गाण्यांत नावांची नुसती यादी नसावी. ‘खांदा’ म्हणण्यापेक्षा ‘खांद्यावर हात’ म्हणणाऱ्या ओळीत कृती आहे, विभक्तीचा अर्थ आहे आणि ताल बसवण्याची खरी कसोटीही आहे. ती कसोटी शब्दांशी खेळू जाणणाऱ्या कवीची आहे. शिशुवर्गाच्या बाईंवर ती एकट्याने टाकून मोकळे होणे आपल्याला शोभत नाही.