पेटीत उरलेला खडक

ठाणे-बोरिवली आणि गोरेगाव-मुलुंड हे दोन्ही जुळे बोगदे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराखालून योजलेले आहेत. अशा कामाआधी खडकाची परीक्षा होते. हिरकणी बसवलेल्या पोकळ नळीने छिद्र पाडून बहुधा ५४ मिलिमीटर जाडीचे दगडी दंडगोल वर काढतात व क्रमाने पेट्यांत मांडतात. यांनाच कोअर म्हणतात. त्यांतील निवडक तुकडे प्रयोगशाळेत जातात आणि फुटेपर्यंत यंत्राखाली दाबले जातात. मुंबईचा काळा, ताजा बेसाल्ट या परीक्षेत सहसा उत्तम गुण मिळवतो.

मेख येथेच आहे. परीक्षेला बसण्यासाठी तुकडा मुळात अखंड व जाडीच्या निदान दुप्पट लांब असावा लागतो. वर येतानाच ज्याचा चुरा झाला, तो खडक पेटीतच राहतो. दरडोई उत्पन्नाच्या सरासरीत उपाशी माणूस दिसत नाही, त्यातलाच हा प्रकार. किंबहुना येथे तो गणतीतही नसतो. म्हणूनच डीअर या अमेरिकन तज्ज्ञांनी १९६०च्या दशकात वेगळे माप रूढ केले. काढलेल्या लांबीपैकी १० सेंटिमीटर वा त्याहून लांब तुकडे किती टक्के, एवढेच त्यात पाहावयाचे. ते प्रमाण ५०च्या खाली गेले की खडक निकृष्ट. शिवाय उपनगरांत बेसाल्टच्या जोडीला ब्रेसिया आणि टफ हे ज्वालामुखीजन्य खडकही आहेत. त्यांतील कित्येक कोरडेपणी बरे दिसतात, पाण्यात मात्र ढिले पडतात. कोरड्या नमुन्याचे प्रशस्तिपत्र आषाढात काय कामाचे?

बोगद्यासाठी ही सारी दक्षता घेतली जाते, कारण त्यात हजारो कोटी गुंतलेले असतात. घाटकोपरच्या आझादनगरात जुलै २००० मध्ये, साकीनाक्याला २६ जुलै २००५ रोजी आणि विक्रोळीत जुलै २०२१ मध्ये दरडींखाली झोपड्या व माणसे गाडली गेली. टेकड्यांच्या उतारांवरील रहिवाशांच्या वाट्याला पावसाळ्याच्या तोंडावर येते ती घर रिकामे करण्याची नोटीस. जायचे कोठे, हे तीत नसते.

प्रत्येक टेकडीला छिद्रे पाडा, असे कोणी म्हणणार नाही. उतारावर दगडाच्या ताकदीपेक्षा भेगांची दिशा आणि पाण्याची वाट अधिक निर्णायक असते. अनुभवी भूवैज्ञानिकाची हातोडी घेऊन केलेली फेरीही पुष्कळ सांगून जाते. मात्र जेथे शंका उरेल तेथे कोअर काढलेच पाहिजेत, नमुने भिजवून तपासले पाहिजेत, आणि पेटीत उरलेल्या चुऱ्याचीही नोंद असलेला अहवाल पालिकेच्या विभाग कार्यालयात मराठीतून लावला पाहिजे. पुनर्वसनाची मागणी घेऊन जाणाऱ्या कार्यकर्त्याने नोटिशीवर सही करणाऱ्या अधिकाऱ्याकडे आधी हा अहवाल मागावा.