मेनूतून गायब

गेल्या शनिवारी लिहिणं झालं नाही, कारण तो अख्खा शनिवार ऐरोलीच्या ऑफिसात गेला. रात्री खांदेश्वरला उतरलो तेव्हा स्टेशनबाहेर रिक्षासुद्धा नव्हती. चालत खांदा कॉलनीत येईपर्यंत स्वतःलाच शिव्या घालत होतो. कारण लहान होतं, इतकं की घरी सांगायला लाज वाटावी: एका एडिटरच्या मेनूतली एक ओळ नाहीशी झाली होती.

एडिटर म्हणजे आपला नोटपॅड प्लस प्लस. कॉलेजपासूनचा सोबती. डॉन हो या माणसाने २००३ साली आणला, फुकट आहे, आणि आजही कुठल्याही सपोर्ट टीमच्या मशीनवर सापडतो. (त्याच्या भाषांच्या यादीत मराठीही आहे. लावून बघा, दोन दिवस गंमत वाटते, मग काहीच सापडत नाही म्हणून आपण इंग्रजीवर परत येतो!) मी त्यात रोज जे वापरायचो ते होतं 'कंपेअर'. दोन फाइल्स शेजारी शेजारी ठेवायच्या, कंपेअर दाबायचं, वेगळ्या ओळी रंगीत होतात. संपलं.

त्या आठवड्यात टीममधल्या सगळ्यांच्या मशीनवर नवी आवृत्ती आली. ते काम आमच्यातल्या सगळ्यात नव्या पोराकडे दिलं होतं, सहा महिन्यांपूर्वी लागलेल्या. त्याने इमानेइतबारे यादीतलं प्रत्येक मशीन केलं. शुक्रवारी संध्याकाळी रिलीज. मी जुनी आणि नवी कॉन्फिग फाइल उघडली, प्लगइन्सचा मेनू खाली ओढला, तर कंपेअर नाहीच. एरर नाही, सूचना नाही. जणू कधी नव्हतंच. सात वाजून गेलेले, सगळे माझ्या 'ओके'ची वाट बघतायत. मी दोन्ही फाइल्स शेजारी लावल्या, दोघींचं स्क्रोलिंग एकत्र बांधलं आणि चारशे ओळी डोळ्यांनी वाचून काढल्या. म्हटलं, दिसतंय की सगळं सारखं.

नव्हतं. एका ओळीत टेस्टच्या डेटाबेसचा पत्ता राहून गेला होता. रात्रीचा जॉब गुमान चालला आणि दिवसभराच्या नोंदी टेस्टमध्ये जाऊन बसल्या. शनिवार गेला तो त्या नोंदी परत आणण्यात.

सकाळच्या कॉलवर पहिला प्रश्न आला, "काय बदललं होतं?" उत्तर तयारच होतं: एडिटर अपग्रेड केला. कोणी केला? त्या पोराने. कंपेअर 'उडवलं' कोणी? त्याने. तो बिचारा "सर, मी फक्त इन्स्टॉलर चालवला" एवढंच म्हणत होता. मी काय म्हणालो? काहीच नाही. त्यावर नंतर येतो.

रविवारी आईने पोहे समोर ठेवले तरी डोकं त्याच मेनूत. माझ्या घरच्या जुन्या लॅपटॉपवर कॉलेजच्या काळातली ३२-बिट आवृत्ती अजून होती, कंपेअरसकट. हे कंपेअर सीनियरच्या पेन ड्राइव्हवरून आलेलं. डीएलएल फाइल प्लगइन्सच्या फोल्डरमध्ये टाक, एडिटर परत चालू कर, एवढंच शास्त्र. ठरवलं, ऑफिसात जे झालं तेच इथे करून बघू. नवी ६४-बिट आवृत्ती टाकली. कंपेअर गायब! इतका आनंद मला कुठल्या बिघाडाचा झाला नसेल. पुन्हा घडवता आला म्हणजे अर्धा सापडला.

मग मदतीच्या मेनूतलं 'डिबग इन्फो' उघडलं. तिथे आवृत्ती किती बिटची, कुठून चालू आहे, कोणते प्लगइन्स लोड झाले, सगळं लिहिलेलं असतं. यादीत त्याचे स्वतःचे दोन-तीन प्लगइन्स, बाकी शुकशुकाट. साहजिक आहे, नव्याचं घर नव्या फोल्डरमध्ये आणि माझी जुनी डीएलएल जुन्यातच पडलेली. ती उचलून नव्या प्लगइन्स फोल्डरमध्ये टाकली. काही नाही. परत चालू केला. काही नाही. इथेच बहुतेक जण हात टेकतात आणि 'नव्या आवृत्तीत कंपेअर काढलंय' असं जाहीर करून टाकतात.

खरी गोष्ट अशी की २०१८ मध्ये ७.६ आवृत्तीपासून नियम बदलला. प्रत्येक प्लगइनला स्वतःचा फोल्डर हवा आणि फोल्डरचं नाव डीएलएलच्या नावासारखंच हवं. सुटी फाइल तो बघतच नाही. मी फोल्डर केला, फाइल आत सरकवली, एडिटर उघडला आणि धाडकन एरर आली: हा प्लगइन ३२-बिट आहे, या ६४-बिट आवृत्तीशी जुळत नाही, अशा अर्थाची. खरं सांगतो, ती एरर बघून बरं वाटलं. इतका वेळ भिंतीशी बोलत होतो, आता निदान कोणीतरी 'नाही' म्हणालं.

पुढचं सोपं. प्लगइन्स ॲडमिनमधून ६४-बिटचं कंपेअर घेतलं. आता त्याचा कंपेअर प्लस नावाचा नवा अवतारही आहे. दोन मिनिटांत रंगीत ओळी परत.

म्हणजे कोणी काही उडवलं नव्हतं. कंपेअर मुळात एडिटरचं कधीच नव्हतं, ते बाहेरच्या कोणीतरी लिहिलेलं जोडकाम. प्लगइन्स आणायला पूर्वी 'प्लगइन मॅनेजर' होता, तोही असाच बाहेरचा. त्यात जाहिरात आली म्हणून २०१७ मध्ये ७.५ पासून तो एडिटरसोबत देणं बंद केलं. स्वतःचा प्लगइन्स ॲडमिन आला वर्षभराने. जाहिरात हाकलली हे मला पटतं. सुट्या डीएलएल बंद केल्या, हेही पटतं. पेन ड्राइव्हवरची, कोणी बनवली माहीत नसलेली डीएलएल आपण वर्षानुवर्षं ऑफिसच्या मशीनवर चालवत होतो, हे आठवलं की आता अंगावर काटा येतो. ॲडमिन निदान उतरवलेल्या फाइलचा हॅश जुळवून बघतो.

मला पटत नाही ती शांतता. फोल्डरमध्ये डीएलएल पडलेली दिसतेय ना? मग एक ओळ सांग की बाबा, ही मी वाचत नाही, हिची जागा बदलली. आमच्या इथला एक भाजीवाला गल्ली बदलून आत गेला, तर आई महिनाभर सांगत होती, "त्याने धंदा बंद केला." जुन्या जागी त्याने एक पुठ्ठा टांगला असता तर पुरलं असतं. याच बाबतीत मला व्हिम आवडतो (वापरता येत नाही, तो भाग वेगळा :-)). त्याला आवृत्ती विचारली की आपल्यात काय आहे ते अधिकचं चिन्ह लावून आणि काय नाही ते उणेचं चिन्ह लावून सांगतो. क्लिपबोर्ड नसेल तर 'उणे क्लिपबोर्ड' असं चक्क लिहिलेलं. आपल्यात काय नाही हे स्वतःहून सांगणारी सॉफ्टवेअरं मी फार थोडी पाहिलीत.

"म्हणूनच मी अपग्रेड करत नाही," असं अभिमानाने सांगणारे लोक प्रत्येक मजल्यावर आहेत. कॉलवरही होते. त्यांना एवढंच सांगतो की सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या ८.५.७ मध्ये सुरक्षेच्या चार त्रुटी बुजवल्या. त्यातली एक नुसती खास बनवलेली फाइल उघडल्यावर बाधू शकणारी होती, आणि दिवसभर क्लायंटने पाठवलेल्या फाइल्स उघडणं हेच आमचं काम. त्या पोराने केलेला अपग्रेड बरोबरच होता. चूक असलीच तर ती त्याला यादी देणाऱ्यांची. कोण काय वापरतं हे आधी विचारून घे, असं त्याला कोणी सांगितलंच नाही. विचारलं असतं तर मीही 'कंपेअर' म्हणालो असतो की नाही, शंकाच आहे. रोजच्या गोष्टीचं नाव पटकन आठवत नाही.

आणि आता माझं. कंपेअर नव्हतं हे मला शुक्रवारी सातलाच माहीत होतं. 'आज तुलना डोळ्यांनी केलीय' एवढं वाक्य मी ओकेसोबत लिहू शकलो असतो. कॉलवर तरी बोलू शकलो असतो. नाही बोललो. एडिटरच्या शांततेबद्दल एवढं लिहिल्यावर हे लपवणं बरं दिसत नाही.

सोमवारी सकाळी लोकलमध्ये बसूनच सगळ्यांना मेल टाकली. अपग्रेडचा संबंध नाही, फाइल मी तपासली, ती ओळ माझ्याकडून सुटली. वरच्यांचं उत्तर आलं 'नोटेड'. ऑफिसात प्लगइन्स ॲडमिनची यादी दिसते, पण डाऊनलोड प्रॉक्सीत अडकतं, म्हणून कंपेअर प्लससाठी रीतसर अर्ज केलाय. तो अजून मंजुरीत आहे.

दुपारी तो पोरगा चहाच्या टपरीवर भेटला. मेलबद्दल काही बोलला नाही. कटिंग संपवता संपवता म्हणाला, "दादा, एक विचारू? त्या दिवशी कमांड प्रॉम्प्टला एफसी का नाही मारलं? दोन फाइल्सची नावं दिली की फरक दाखवतं. विंडोजमध्येच असतं ते."

डॉसच्या काळापासून असतं. माझ्या लक्षातच आलं नाही.