किल्ला वगळून कर्नाळा

मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडणारा पक्षीसप्ताह, ५ ते १२ नोव्हेंबर, आता तोंडावर आला आहे. पनवेल-उरणकडचे आपले बरेच ट्रेकिंगचे गट या दिवसांत कर्नाळा पक्षी अभयारण्याची कौटुंबिक भ्रमंती आखतात. पक्ष्यांच्या नावानं निघालेल्या या भ्रमंतीच्या जाहिरातीत मात्र कर्नाळा किल्ल्याच्या सुळक्याचा फोटो असतो. सर्व लीडर मित्रांना आमचं आग्रहाचं सांगणं आहे की लेकुरवाळ्या बॅचला किल्ल्यावर नेऊ नका आणि जाहिरातीत किल्ल्याचं नावही घालू नका.

एकदा किल्ल्याचं नाव निघालं की सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे लागतं. वाटेत उकिडवं बसून मुंग्या बघणाऱ्या पोराला ‘चल, उशीर होतोय’ ऐकावं लागतं. दम लागून दगडावर टेकलेल्या आजीला आपल्यामुळे सगळे खोळंबले असं वाटत राहतं. शिवाय सुळक्याच्या कपारींत आग्या मोहोळं असतात. ती उठली तर तुम्ही-आम्ही कसेबसे खाली पळू, पाच वर्षांचं मूल पळू शकत नाही. एवढं एक कारणही आम्हाला पुरेसं वाटतं. खालच्या निसर्गवाटेवर कुठूनही मागे फिरता येतं आणि फिरलं तरी काही राहून गेल्यासारखं वाटत नाही.

या वाटेवर पाऊस सरल्यानंतर बघण्यासारखं खूप असतं. दोन झाडांच्या मध्ये ताणलेलं, उन्हात पिवळंधमक चमकणारं मोठं जाळं आणि त्याच्या मधोमध बसलेली तळहाताएवढी कोळ्याची मादी, जायंट वूड स्पायडर. तिच्याच जाळ्यात कडेला एक तांबूस ठिपका हलताना दिसेल, तो नर. हा फरक मुलांना स्वतः शोधू द्या, आधी सांगून टाकू नका. भृंगराज दुसऱ्या पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो, त्यामुळे आवाज कुणाचा हे ओळखण्यात दहा मिनिटं सहज जातात. ती जाऊ द्यावीत. तिबोटी खंड्या मात्र या दिवसांत दिसेलच असं कुणाला कबूल करू नका. त्याचा विणीचा हंगाम पावसाळ्यात असतो, आणि तेव्हाही ओढ्याकाठच्या मातीतल्या त्याच्या बिळापासून बॅच लांबच ठेवायची असते.

रेकीबद्दल एक गोष्ट आवर्जून लिहायची आहे. आपण जंगलातले घसरडे कातळ बारकाईनं तपासतो, पण या भ्रमंतीतली सगळ्यात धोक्याची जागा जंगलाबाहेर आहे. अभयारण्य मुंबई-गोवा महामार्गाला लागून आहे. एसटीनं येणाऱ्यांना येताना नाही तर जाताना तो रस्ता ओलांडावाच लागतो, आणि परतताना मुलं पेंगुळलेली असतात. तिथे पुढे एक आणि मागे एक लीडर हवाच, प्रत्येक लहान मुलाचा हात मोठ्याच्या हातात हवा. खाऊ घरच्या स्टीलच्या डब्यात आणायला सांगा. वेफर्सची पाकिटं सॅकमध्ये नसली की प्रवेशद्वारावर प्लॅस्टिकच्या तपासणीत होणारा खोळंबा टळतो आणि माकडंही मागे लागत नाहीत. उन्हं चढायच्या आत चाल संपवा.

दुपार चिरनेरला द्या. कर्नाळ्याच्या पश्चिमेला, उरण तालुक्यात हे गाव आहे. इंग्रजांच्या कायद्यानं जंगलातलं लाकूड तोडायला बंदी होती. ती मोडायला २५ सप्टेंबर १९३० रोजी पंचक्रोशीतले लोक अक्कादेवीच्या डोंगरावर गेले. पोलिसांच्या गोळीबारात आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. त्यांत नाग्या महादू कातकरी होते, आगरी-कोळी शेतकरी होते. गणपतीच्या देवळात दर्शन घेऊन मुलांना हुतात्म्यांच्या स्मारकापाशी न्या आणि आठही नावं त्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घ्या. सकाळी ‘पानही तोडू नका’ असं आपणच त्यांना बजावलेलं असतं. मग रानातलं लाकूड तोडायला माणसं जिवावर उदार होऊन का गेली, असं एखादं मूल विचारेलच. त्याचं उत्तर लीडरनं घाईनं देऊ नये. सरपणावर जगणारं गाव आणि परवान्याशिवाय जंगलात पाऊल ठेवू न देणारं सरकार, यांची गोष्ट गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाला सांगू द्या. त्याला आधी भेटून ठेवा, वेळ ठरवा आणि मानधनाची रक्कम भ्रमंतीच्या खर्चातच धरा.