एनोबार्बस दुय्यम कसा?

शोकनायक म्हणजे नाटकाच्या शीर्षकातला माणूस, हे समीकरण आमच्या वर्गांतून अजून गेलेले नाही. आम्हांला ते अमान्य आहे.

शेक्सपिअरच्या 'अँटनी अँड क्लिओपात्रा'मधील एनोबार्बस पाहा. ॲक्टियमच्या पराभवानंतरही हा रोखठोक सैनिक अँटनीला सोडत नाही. पण अँटनी सीझरला द्वंद्वाचे आव्हान देतो, तेव्हा विवेकाचा कौल मानून तो शत्रूला मिळतो. हाच त्याचा प्रमाद: निष्ठेचा प्रश्न त्याने हिशेबाने सोडवला. अँटनी मात्र त्याची मागे राहिलेली सारी संपत्ती त्याच्याकडे पाठवतो. त्या औदार्यानेच त्याचा घात होतो आणि त्याच क्षणी त्याला स्वतःची ओळख पटते. परिवर्तन आणि अभिज्ञान असे एकत्र येणे ॲरिस्टॉटलने सर्वोत्तम मानले होते. चंद्राला साक्षी ठेवून एनोबार्बस पश्चात्तापाने मरतो.

तो राजकुलातला नाही, हा आक्षेप येईलच. ॲरिस्टॉटलला ख्यातकीर्त नायक हवा होता, हे खरे; पण शोकात्मिकेचा आत्मा त्याने कथानकाला म्हटले, कुलाला नव्हे. प्लुटार्कने मोजक्या ओळींत संपवलेल्या माणसाला शेक्सपिअरने पूर्ण शोकात्म आलेख दिला. भूमिकेची लांबी मोजून शोकात्मता ठरवणाऱ्यांनी चौथा अंक पुन्हा वाचावा.