सत्तावीस वर्षांचे ग्रहण

विवाहविधीत सप्तपदीनंतर नववधूस ध्रुव आणि अरुंधती दाखविण्याची चाल आपल्या घरांतून अद्याप टिकून आहे. मंगल कार्यालयाच्या मांडवातून आकाश दिसतच नाही, म्हणून भटजी छताकडे बोट दाखवितात आणि वधूही ‘दिसली’ म्हणून मोकळी होते, ही गोष्ट निराळी. परंतु ज्या जोडीचा दाखला देऊन आपण संसार सुरू करून देतो, ती आकाशात खरोखरच जोडी आहे काय, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. पृथ्वीवरून शेजारी दिसणारे दोन तारे प्रत्यक्षात एकमेकांपासून कितीतरी दूर असू शकतात. केवळ आपली दृष्टिरेषा त्यांस एकत्र आणते. वसिष्ठ-अरुंधतीविषयी मात्र संशोधकांचा कौल बहुतांशी परंपरेच्या बाजूने पडला आहे. १६१७ साली दुर्बिणीतून पाहता एकटा वसिष्ठच दोन ताऱ्यांचा असल्याचे आढळले. १८८९ साली पिकरिंग यांनी वर्णपटावरून दाखविले की त्या दोहोंपैकी एक स्वतःच जुळा आहे. पुढे दुसराही तसाच निघाला आणि २००९ साली अरुंधतीपाशीही एक मंद लाल तारा सापडला. दोघांचा म्हणून ओळखला जाणारा हा संसार अशा रीतीने सहा जणांचा ठरला.

यात नवल मानू नये. सूर्यासारख्या ताऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना एखादा तरी जोडीदार असतो. त्या जोडीदाराचा शोध लागतो कसा, ही गोष्ट खरी रंजक आहे. कारण पुष्कळदा तो दिसत नाही, त्याने केलेला परिणाम तेवढा दिसतो. व्याधाचा तारा आकाशातून सरळ न सरकता किंचित नागमोडी चालतो असे पाहून बेसेल यांनी १८४४ साली त्यास एक अदृश्य सोबती असला पाहिजे असे सांगितले. अठरा वर्षांनी, ३१ जानेवारी १८६२ रोजी, आल्व्हन ग्रॅहम क्लार्क हा तरुण नव्याने घडविलेल्या साडेअठरा इंची भिंगाची पारख करीत असता त्यास तो सोबती व्याधाच्या झळाळीत लुकलुकताना दिसला. आकाराने पृथ्वीएवढा, वजनाने सूर्याएवढा असा तो श्वेतबटू निघाला. हे उदाहरण बहुतेक पाठ्यपुस्तकांत असते, म्हणून येथे अधिक लिहीत नाही.

आज आम्हांस सांगावयाचे आहे ते दुसऱ्याच एका ताऱ्याविषयी. त्याचा सोबती दोनशे वर्षांच्या पहाऱ्यानंतरही पुरता उलगडलेला नाही.

हिवाळ्यात संध्याकाळी ईशान्येस एक पिवळसर, ठसठशीत तारा वर येतो. तो ब्रह्महृदय, सूर्यसिद्धान्तातही त्याचा उल्लेख आहे. त्याच्या अगदी लगत तीन मंद ताऱ्यांचा एक चिमुकला, लांबट त्रिकोण दिसतो. युरोपीय परंपरेत ब्रह्महृदय ही शेळी आणि हे तिघे तिची करडे. या तिघांपैकी ब्रह्महृदयाला सर्वांत जवळचा जो, तोच आपला कथानायक. सारथी तारकासमूहातील ‘एप्सिलॉन’ अशी त्याची नोंद आहे. अरबांनी दिलेले अल्माझ हे नावही चालते.

१८२१ साली जर्मनीतील क्वेडलिनबर्ग गावचे पाद्री योहान फ्रिट्श यांच्या ध्यानात आले की हा तारा नेहमीपेक्षा निस्तेज दिसतो आहे. त्या काळी त्याचा फारसा गवगवा झाला नाही. १८४७-४८ मध्ये तो पुन्हा मंदावला, तेव्हा हाइस आणि आर्गेलँडर हे निरीक्षक जागे होते. १८७४-७५ मध्ये तेच, १९०१-०२ मध्ये तेच. या सर्व नोंदी एकत्र करून विसाव्या शतकाच्या आरंभी हान्स लुडेनडॉर्फ यांनी त्याचे कालमान निश्चित केले. (पहिल्या महायुद्धातील जर्मन सेनानी लुडेनडॉर्फ ते यांचे वडील बंधू. एकाच घरात एकाने तोफा मोजल्या आणि दुसऱ्याने तारे.) हे कालमान सत्तावीस वर्षे आणि वर महिना-दीड महिना असे निघाले. दर सत्तावीस वर्षांनी हा तारा हळूहळू निम्म्याने मंद होतो, वर्षाहून अधिक काळ तसाच राहतो, मग सावकाश पूर्ववत होतो. सारा सोहळा सुमारे दोन वर्षांचा.

एखादी अदृश्य वस्तू ताऱ्यापुढून जाते आणि ग्रहण लावते, हे उघड होते. पण कोणती वस्तू? येथे शास्त्रज्ञांची खरी पंचाईत झाली. ग्रहण दोन वर्षे टिकते, त्या अर्थी आड येणारी वस्तू अतिप्रचंड असली पाहिजे. आणि हा तारा स्वतःच व्यासाने सूर्याच्या शंभराहून अधिक पट आहे. एवढी प्रचंड वस्तू जर गोल तारा असेल, तर तिने सगळाच प्रकाश अडवावयास हवा; निम्माच का अडतो? बरे, ती तारा असेल तर तिचा स्वतःचा प्रकाश कोठे गेला? ग्रहणाच्या ऐन मध्यातही वर्णपट दिसतो तो मूळ ताऱ्याचाच. १९३७ साली क्यूपर, स्ट्रुव्ह आणि स्ट्रोमग्रेन या तिघा मातब्बरांनी तोड काढली की सोबती हा एक अतिविशाल, थंड, अर्धपारदर्शक तारा असावा. पुष्कळ वर्षे पुस्तकांतून ‘विश्वातील सर्वांत मोठा तारा’ म्हणून त्याची ख्याती होती. असा तारा मुळातच नव्हता. नावे थोर असली की कल्पनेला किती दीर्घायुष्य लाभते, याचा हा नमुना म्हणावा लागेल.

१९६५ साली सू-शू ह्वांग यांनी साधी सोपी कल्पना मांडली. सोबती हा चेंडू नसून चकती आहे. घरातील परात कडेने डोळ्यांसमोर धरून तिच्यामागे चेंडू ठेवा. परातीची कड चेंडूच्या मधून आडवी पट्टी काढील, वरचा-खालचा भाग उघडा राहील. परात लांबरुंद असल्याने ती सरकून जाण्यास वेळ लागेल, पण चेंडू पुरता कधीच झाकणार नाही. धूलिकणांची अशी एक परात, आणि तिच्या मध्यभागी लपलेला एक तारा! गणित जुळत होते. तरीपण जुळणारे गणित म्हणजे पाहिलेली वस्तू नव्हे. १९८२-८४ चे ग्रहण आले आणि गेले. चकतीच्या बाजूने पुरावा वाढला, परंतु चकती कोणी पाहिली नाही. पुढची संधी सत्तावीस वर्षांनंतर.

ती आली २००९ च्या ऑगस्टात. या वेळी कॅलिफोर्नियातील माउंट विल्सनच्या डोंगरावर एक नवे साधन सज्ज होते. एकेक मीटर व्यासाच्या सहा दुर्बिणी डोंगरमाथ्यावर विखरून ठेवून त्यांचे प्रकाशकिरण एकत्र आणले म्हणजे तीनशे तीस मीटर व्यासाच्या दुर्बिणीइतके बारकावे टिपता येतात. हे तंत्र त्या डोंगरास नवखे नव्हते. १९२० च्या सुमारास तेथेच अँडरसन यांनी ब्रह्महृदय हा एक नसून दोन तारे असल्याचे किरणांच्या अशाच मीलनातून मोजून दाखविले होते, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात मायकेलसन व पीज यांनी मृगातील काक्षीचा व्यास मोजला होता. आता नव्वद वर्षांनी त्याच डोंगरावरून ब्रह्महृदयाच्या करडाकडे दृष्टी वळली. ती किती सूक्ष्म असावी लागते? या ताऱ्याचे बिंब आपणांस दिसते ते अडीच हजार किलोमीटरवर ठेवलेल्या दहा रुपयांच्या नाण्याएवढे. त्या नाण्यावर पडलेली सावली पाहावयाची होती.

२००९ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात ब्रायन क्लोपेनबोर्ग, रॉबर्ट स्टेन्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पाहिली. ताऱ्याच्या गोल बिंबावर एका अंगाने काळी, लांबोडकी आकृती शिरत आहे. महिन्याभराने घेतलेल्या चित्रात ती अधिक आत सरकली आहे. एप्रिल २०१० मध्ये ही चित्रे ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झाली. १९६५ सालची परात अखेर डोळ्यांना दिसली.

याच काळात अमेरिकेतील परिवर्ती ताऱ्यांच्या निरीक्षकसंघाने सामान्य नागरिकांस साद घातली होती की, दुर्बीण नसली तरी चालेल, नुसत्या डोळ्यांनी पाहा आणि कळवा. आम्हीही त्या हिवाळ्यात शाळेच्या गच्चीवर सहावी-सातवीची मुले जमवून हा तारा दाखवीत होतो. तीन करडांमधील सर्वांत तेजस्वी जे असावयाचे, ते शेजाऱ्यापेक्षा फिके पडले आहे, एवढे मुलांस बरोबर ओळखता आले. “सर, मग त्या परातीत आहे तरी काय?” असे एका मुलीने विचारले. प्रश्न नेमक्या मर्मावर होता.

कारण ताऱ्याभोवतालची चकती म्हटली की आज प्रथम आठवते ते बाळंतपण. १९८३ साली ‘आयरास’ उपग्रहाला अभिजिताभोवती धुळीची ऊब जाणवली. १९८४ मध्ये दक्षिण आकाशातील बीटा पिक्टोरिसभोवतीच्या चकतीचे छायाचित्र मिळाले. २०१४ मध्ये चिलीच्या पठारावरील ‘अल्मा’ दुर्बिणींनी वृषभेतील एचएल टॉरी या बालताऱ्याभोवती ग्रामोफोनच्या तबकडीसारखी वलये टिपली. वलयांमधील रिकाम्या पट्ट्या नवजात ग्रहांनी झाडून काढल्या असाव्यात, हा तर्क तेव्हाच झाला. २०१८ आणि २०१९ मध्ये पीडीएस ७० या ताऱ्याच्या चकतीच्या पोकळीत दोन ग्रह प्रत्यक्ष सापडले, त्यांपैकी एकाभोवती स्वतःची धाकटी चकतीही आढळली. आणि २०२५ मध्ये विस्पिट २ नामक ताऱ्याच्या वलयांमधील मोकळ्या पट्टीत बसलेल्या ग्रहाचे चित्र प्रसिद्ध झाले. आपली पृथ्वीही सुमारे ४५६ कोटी वर्षांपूर्वी अशाच एका चकतीतून घडली.

परंतु चकती दिसली म्हणजे पाळणाच असेल असे नाही. २०१० साली स्पिट्झर अवकाश दुर्बिणीच्या आधारे होर्ड, हॉवेल आणि स्टेन्सेल यांनी आपल्या एप्सिलॉनविषयी निराळेच मत दिले. त्यांच्या मते दिसणारा प्रचंड तारा फुगलेला आहे खरा, पण वजनाने हलका आणि आयुष्याच्या अखेरीस पोहोचलेला. चकतीत लपलेला सोबती सूर्याच्या सहापट वजनाचा, उष्ण, निळसर. म्हाताऱ्या ताऱ्याने अंगावरचे द्रव्य टाकले, ते सोबत्याने ओढून घेतले आणि त्याचीच ही परात झाली. तसे असेल तर ती सुतिकागृहातील नव्हे, उत्तरकार्यातील म्हणावी लागेल. उलट जुन्या मतानुसार तारा सूर्याच्या पंधरापट वजनाचा आणि तरुण आहे. निवाडा ताऱ्याच्या अंतरावर अवलंबून आहे, आणि ते अंतर सुमारे दोन हजार प्रकाशवर्षे धरले जात असले तरी मोजमापांत मोठी तफावत आहे. तारा स्वतःच एवढा फुगीर आणि अस्थिर की त्याचे स्थान काटेकोर टिपताना उपग्रहांचीही तारांबळ उडते. आम्हांस पहिले मत अधिक पटते. एवढी मोठी चकती तरुण ताऱ्यांच्या जोडीत टिकून राहणे कठीण वाटते. तथापि हे एका मराठीच्या शिक्षकाचे मत, त्याला तेवढेच वजन द्यावे.

मृगातील काक्षीचे उदाहरण ताजे आहे. २०१९-२० च्या हिवाळ्यात तो अचानक मंदावला, तेव्हा ‘तारा आता फुटणार’ म्हणून वर्तमानपत्रांनी मथळे दिले. तो फुटला नाही. त्याने स्वतःच सोडलेला धुळीचा लोट आड आला होता. या ताऱ्याच्या प्रकाशात सुमारे सहा वर्षांचाही एक चढउतार आहे. त्यावरून २०२४ साली दोन गटांनी बेसेलच्याच रीतीने अदृश्य सोबत्याचे भाकीत केले, आणि २०२५ मध्ये हवाई बेटांवरील जेमिनी दुर्बिणीतून हॉवेल यांच्या गटास त्याची पुसटशी खूण दिसली. ती इतकी पुसट आहे की शोधकांनीच सावध भाषा वापरली. २०२७ च्या नोव्हेंबरात तो काक्षीपासून पुन्हा दूर येईल, त्या वेळी अधिक निश्चित सांगता यावे.

एप्सिलॉनचे पुढचे ग्रहण २०३६ च्या उत्तरार्धात सुरू होऊन २०३८ पर्यंत चालेल. गच्चीवरील ती मुलगी तोवर चाळिशीला टेकलेली असेल. वाचकांनी मात्र तोवर थांबू नये, कारण ग्रहण नसतानाचे तेज डोळ्यांत बसलेले असल्याखेरीज ग्रहणातील फरक ओळखता येत नाही. जानेवारीच्या अखेरीस रात्री नऊच्या सुमारास उत्तरेकडे तोंड करून उभे राहावे. डोक्यापासून थोडा उत्तरेस ब्रह्महृदय असेल. त्याच्याजवळच्या त्रिकोणात एप्सिलॉन आज सर्वांत तेजस्वी आहे. त्रिकोणातील ‘ईटा’ हा तारा त्याच्याहून किंचित मंद आहे. ग्रहणात हा क्रम उलटतो. तुलना ‘ईटा’शीच करावी. तिसरा जो ‘झीटा’, त्याच्यावर विसंबू नये. तोही जोडतारा आहे आणि दर ९७२ दिवसांनी त्यालाही ग्रहण लागते.