गॅस संपला नाही, गळला
गाडीच्या एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठून तरी गळालाय, आणि डबा आणून घरच्या घरी भरणं ही गळक्या घागरीची सेवा झाली. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षं थोडा गॅस झिरपतोच, हा आक्षेप खरा. पण एकाच उन्हाळ्यात गारवा गेला तर ते झिरपणं नव्हे. हौशी माणूस कॉम्प्रेसर किंवा कंडेन्सर बदलूही शकेल, पाने फिरवण्यात गूढ काही नाही. अडचण पुढेच आहे. सिस्टीम उघडली की हवेतली ओल आत शिरते, गॅस-तेलाशी मिळून आम्ल तयार करते आणि धातू खाते. कोकणातल्या दमट हवेत तर विचारायलाच नको. म्हणून ओल शोषणारा ड्रायर नवा घालून व्हॅक्यूम पंपाने आतली हवा आणि ओल ओढून काढावी लागते. मग बॉनेटखालच्या लेबलवर लिहिलेले ग्रॅम मोजून भरायचे; नुसत्या गेजवरचा दाबाचा आकडा बाहेरच्या तापमानाबरोबर बदलतो, आणि जास्त भरलेला गॅसही गारवा घटवतो. गॅरेजवालेही अंदाजानेच भरतात, असं कोणी म्हणेल. काही भरतातही, तिथे वजनकाटा मागावा. शिवाय सिस्टीम उघडताना अनेक गाड्यांच्या एसीतला आर-१३४ए हा गॅस हवेत सोडणं निरुपद्रवी नाही: शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा एक किलो सुमारे १,४०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. घरी काही करायचंच असेल तर केबिन फिल्टर बदला, कंडेन्सरच्या जाळीतली धूळ पाण्याच्या हलक्या धारेने धुवा. गारवा कमी होण्याचं कारण अनेकदा तिथेच असतं.